आबांना फेटा बांधला तो दिवस

आबा, माझे वडील, गेले तेव्हा वस्तीतल्या मंडळानं नाक्यावर फलक लावला. त्यावर त्यांच्या नावाआधी ‘बेटभूषण’ असं ठळक छापलं होतं. भेटायला आलेल्या पोरांपैकी एकानं चहा घेता घेता मला विचारलं, "मावशी, आजोबांना ही पदवी कशाबद्दल मिळाली होती?" मी म्हटलं, पुरात लोकांना वाचवलं म्हणून. ते खरंच होतं, आणि पोरगाही समाधानानं उठून गेला. पण दार लावून घेतल्यावर मला वाटलं, हे असं अर्धं सांगणं माझ्याकडून यापुढे व्हायला नको. जन्मभर मुलांना मराठी शिकवलं, इतरांची आत्मचरित्रं वाचली, आता आपलं एक प्रकरण तरी लिहून ठेवावं. हात हळू चालतो. घाईही नाही.

बेट हे नाव कुठल्या नकाशात नाही. गुजराती मुलखातल्या लिंबायतच्या मागच्या अंगाला खाडी दोन फाट्यांनी वाहायची, त्या फाट्यांच्या मधल्या उंचवट्यावर आमची वस्ती. जायला-यायला एक लाकडी फळ्यांचा पूल. पावसाळ्यात तो हमखास वाहून जायचा, मग आम्ही खरोखरच बेटावर. वस्ती बहुतेक खानदेशातली, धुळे-जळगावकडून लूमवर कामाला आलेली. आबा उधन्याच्या एका खात्यात कारीगर होते. खातं म्हणजे लूमचा कारखाना. तिथल्या खटखटाटात आयुष्य गेल्यामुळे आबा घरातही जरा मोठ्यानं बोलायचे, आणि माय त्यांना म्हणायची, "हाऊ लूम नही, घर शे." घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे मी सगळं तसंच्या तसं लिहीत नाही, वाचणाऱ्याला अडखळायला नको. काही वाक्यं मात्र मराठीत आणली की मरतात, ती तशीच ठेवते.

घर एका खोलीचं आणि पुढे पत्र्याची ओसरी. सकाळी मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं जाग यायची. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. दुपारी तेच, आणि आबांची रात्रपाळी नसेल तर संध्याकाळी डुबुकवड्यांची आमटी. माझा थोरला भाऊ विलास जेवताना गप्प बसायचा नाही. तो खात्यात बीम भरायला, म्हणजे लूमच्या रुळावर सूत गुंडाळायला जायचा, आणि तिथल्या ओडिशाच्या पोरांकडून शिकलेली गाणी अर्थ न कळता म्हणायचा. मी बारावीला होते. घरात पुस्तकं वाचणारी मी एकटीच. आबांना अक्षरओळख नव्हती, पण मी वाचायला बसले की ते दिव्याची जागा बदलून द्यायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "आमची सुमन पुस्तकातलं सगळं वाचते. एक ओळ सोडत नाही."

मधुकरमामा मायचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, रिक्षा चालवायचा, मंडळाचा सेक्रेटरी होता. गुजरातीत त्याचा हातखंडा. बाजारात मला रिक्षात पुढे बसवून दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचा. मी गुजराती शिकले ती मामाच्या रिक्षात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकींनी माहेरी जायची आमच्याकडे रीत. मायचं माहेर म्हणजे मामाचंच घर, हाकेच्या अंतरावर. तरी मामा दर आखाजीला इस्त्रीचे कपडे घालून, रिक्षा धुऊन, लेकीला न्यायला येणारा मुऱ्हाई होऊन दारात उभा राहायचा.

"ताई, मुऱ्हाई उना. चाल माहेरले."

"दोन गल्ल्यास्ना रस्ता, नि रिक्षा कसाले रे?"

"पायी लई गऊ ते लोके काय म्हनतीन?"

मग माय नवं पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसायची. मामा मुद्दाम सगळ्या वस्तीला वळसा घालून तिला न्यायचा, हॉर्न वाजवत. माय तोंडाला पदर लावून हसायची. तिचं तसं हसणं मला फारसं आठवत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

पूल वाहून गेला की आबा आणि विलासचं काम सुरू व्हायचं. रंगाच्या मिलमधून आणलेले निळे ड्रम बांबूंना बांधून त्यांनी तराफा केला होता. आबा पलीकडच्या काठावरल्या पिठाच्या गिरणीच्या गच्चीवरून रस्सी धरायचे, विलास तराफ्यावर. आजारी माणसं, बाळंतिणी, परीक्षेला जाणारी मुलं, सगळ्यांना ते पलीकडे सोडायचे. कुणी त्यांना हे काम सांगितलं नव्हतं आणि कुणी त्यांचे आभारही मानत नव्हतं. पावसाळा आला की जसं छपरावर प्लास्टिक टाकायचं, तसं ते होतं.

आता एक रीत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या वस्तीत दोघांचं भांडण विकोपाला गेलं की पंच बसायचे. ज्याच्याकडून दुखावणं झालं त्यानं दुखावलेल्याच्या डोक्याला सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा. बांधू दिला की विषय संपला. त्याविषयी पुन्हा तोंड उघडायचं नाही, ज्यानं बांधून घेतला त्यानंही आणि त्याच्या घरातल्यांनीही. शेजारच्या कौतिकबाईनं खाटेवर वाळत घातलेली बिबडी, म्हणजे ज्वारीचे पापड, एकदा देवचंदच्या बोकडानं फस्त केली, आणि भांडण एवढं वाढलं की कौतिकबाईच्या नवऱ्याला, सखारामबाबांना, देवचंदनं फेटा बांधला. पुढच्या उन्हाळ्यात बोकडानं तेच केलं. कौतिकबाई ओसरीत उभी राहून नवऱ्यावर ओरडत होती, "बोला ना! मागला वरीसले बी यानीच खाधं!" सखारामबाबा म्हणाले, "मागलं काढता येत नही. फेटा बांधेल शे." "मंग तो फेटा सोडा, नि त्यानावरच घालते मी बिबडी वाळत!" सगळी गल्ली हसली. विलास तर पोट धरून हसला. पण सखारामबाबांनी मागचं काढलं नाही ते नाहीच.

त्याच वर्षी सुकलालशेठनं खाडीचा पूर्वेचा फाटा भरायला घेतला. सुकलालशेठ आमच्यातलाच, शिरपूरकडचा. एके काळी तोही लूमवर होता, मग ठेकेदारी करून वर आला. मिलची राख आणि पाडलेल्या घरांचं डबर ट्रकनं आणून त्यानं फाटा बुजवला आणि गोदामांसाठी भिंत घातली. पावसाचं पाणी आधी तिकडच्या मोकळ्या रानात पसरायचं. त्या पावसाळ्यात ते भिंतीला अडून आमच्या गल्ल्यांत शिरलं, आणि ओढ अशी लागली की जुन्या माणसांनीही तशी पाहिली नव्हती. विलास दिवसभर लोक सोडत होता. माय पलीकडच्या शाळेत, आलेल्यांसाठी खिचडी शिजवत. मी गिरणीच्या गच्चीवर आबांच्या मागे रस्सीचं शेपूट धरून. कौतिकबाईची सासू राहिली होती, तिला आणायला विलास रिकामा तराफा घेऊन परत निघाला. पाण्यानं तराफा भिंतीकडे ओढला. भिंतीतून सळया बाहेर आलेल्या होत्या. आबांच्या हातातली रस्सी एकदम सैल झाली.

विलास दुसऱ्या दिवशी सापडला. याहून जास्त मला इथे लिहायचं नाही.

पाणी ओसरल्यावर वस्तीत एक बोलणं फिरू लागलं. तराफा रिकामा होता ना? मग पोरगं एकटंच कशाला गेलं होतं? मजा करत असंल. हे बोलणं कुठून निघालं ते कळलं नाही, पण सुकलालशेठच्या गोदामावर काम करणाऱ्यांच्या तोंडी ते आधी होतं. तेवढ्यात पुराची चौकशी करायला सरकारी साहेब येणार असल्याची बातमी आली. शाळेत बसून ते लोकांचं म्हणणं लिहून घेणार होते. आबा तेव्हापासून एकच गोष्ट बोलायचे. खात्यातून आले, हातपाय धुतले, की म्हणायचे, "गेल्या वर्षी तिथं पाणी होतं. या वर्षी भिंत होती. म्हणून माझा पोरगा गेला. एवढंच साहेबाला सांगायचं आहे. बाकी मला काही नको." माय मान हलवायची. त्या घरात तेव्हा सगळं त्या एका वाक्याच्या आधारावर उभं होतं. विलास मस्तीत मेला नाही, हे कागदावर यावं, म्हणजे तो निदान आपला आपल्याकडे तरी परत येईल, असं काहीतरी आम्हांला वाटत असावं.

अशात मामा एके संध्याकाळी आला. मंडळानं ठरवलं होतं, बेटाची उत्तम सेवा करणाऱ्याचा यंदापासून ‘बेटभूषण’ म्हणून सत्कार करायचा, आणि पहिला मान आबांचा. "दाजी, नाही म्हणू नका. वस्तीनं कधी कुणाला मान दिला नाही. तुमच्यापासून सुरुवात होऊ द्या. विलासचंही नाव होईल." आबा नको म्हणत होते, घरात दुःख असताना हारतुरे कसले? पण विलासचं नाव होईल म्हटल्यावर त्यांनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "मधू सांगस ते जा." मला मामानं मानपत्र लिहायला सांगितलं. मी ते दोन दिवस लिहिलं. त्यात भिंतीचा शब्द नव्हता, पण विलासचं नाव होतं, आणि त्यानं काय केलं ते होतं.

सत्कार रविवारी संध्याकाळी, चौकशी मंगळवारी. मायनं सुतकानंतर पहिल्यांदा घरात गोड केलं. कौतिकबाईकडचं खापर आणून ओसरीत तीन दगडांवर पालथं घातलं आणि पुरणाच्या पोळ्या केल्या, हातावर फिरवून मोठ्या केलेल्या, पातळ. कौतिकबाई शेजारी बसून पीठ मळत होती आणि म्हणत होती, "दखा वं बाई, मन्हा नवराले फेटा भेटना बिबडीवरतून, तुन्हा नवराले भेटी सेवावरतून." माय किंचित हसली. मीही.

मांडव मैदानात होता. आबांना पांढरा सदरा, स्वच्छ धोतर. मुख्याध्यापकांच्या हस्ते सत्कार होणार असं मामानं सांगितलं होतं. मुख्याध्यापक आले होते, बोलले, हार घातला. मग मंडळाच्या एका पोरानं मानपत्र वाचलं. मी ओठांनी सोबत वाचत होते, आणि एका जागी माझे ओठ पुढे गेले आणि तो पोरगा दुसरीकडे गेला. विलासचं वाक्य नव्हतं. त्या जागी होतं, निसर्गाच्या कोपाला त्यांनी धैर्यानं तोंड दिलं. मी मामाकडे पाहिलं. तो माईकची वायर बघत होता.

आबांच्या एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात काचेची चौकट केलेलं मानपत्र. दोन्ही हात भरले. आणि मांडवाच्या मागून सुकलालशेठ आला, हातावर केशरी कापड घेऊन. माईकवर मामाचाच आवाज आला, "आता आपले सुकलालशेठ दाजींना फेटा बांधतील."

फेटा मानाचाही असतो. मुंबई-पुण्याकडच्या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नसतं. पण त्या मांडवात बसलेल्या प्रत्येक बाईला, प्रत्येक पोराला कळलं की काय बांधलं जात आहे. टाळ्या थांबल्या. सुकलालशेठनं घाई केली नाही. त्याला फेटा बांधता येत होता. तो आमच्याच गावांकडचा होता, ही रीत त्याला आमच्याइतकीच पाठ होती. एक वेढा, दुसरा वेढा. आबा समोर बघत होते. मी कितीदा तरी मनात त्यांच्या हातातला नारळ खाली ठेवला आहे, चौकट कुणाच्या तरी मांडीवर दिली आहे, त्यांचे हात मोकळे केले आहेत. पण खरं सांगायचं तर मान मोकळीच होती. ती त्यांनी हलवली नाही.

घरी मामा मागोमाग आला. आबा फेट्यासकट खाटेवर बसले होते. माय पोळ्या झाकत होती.

"तुला माहीत होतं?" आबांनी विचारलं.

"दाजी, ऐका. शेठनं शब्द दिला आहे. पक्का पूल होईल. सिमेंटचा. त्याची वरपर्यंत ओळख आहे. चौकशीत त्याचं नाव आलं तर पूल गेला. पुढच्या पावसाळ्यात आणखी कुणाचा विलास जाईल. मी बेटासाठीच केलं."

"नि विलाससाठी?" मी म्हटलं.

"सुमन, तू लहान आहेस."

माय उठली. तिनं टोपलीतली वरची पोळी घडी करून मामाच्या हातात दिली, पाहुण्याला देतात तशी. मग म्हणाली, "तू मन्हा भाऊ नही. तू त्या भिंतना भाऊ शेस. खा नि जाय."

मामानं पोळी खाल्ली नाही, टाकलीही नाही. ती हातात घेऊन तो गेला.

पूल झाला. हे मला लिहायलाच हवं. दोन पावसाळ्यांत झाला, आणि त्यानंतर बेटावरचं कुणी बुडालं नाही. मी त्यावरूनच नोकरीला गेले, लग्न होऊन गेले, आणि परवा आबांना घेऊन गेलो तेही त्यावरूनच. मामाचं खोटं नव्हतं. म्हणूनच कदाचित त्याच्यावर नीट रागावणंही मला जमलं नाही. राग असायचा, पण पायाखाली पूलही असायचा.

मंगळवारी आबा शाळेत गेले ते फेटा बांधूनच. मी सोबत गेले. मायला ताप होता की तिनं तसं सांगितलं, मला माहीत नाही. साहेब गुजराती होते, सभ्य, थकलेले. त्यांना मराठी कळायची, पण मामा दुभाष्या म्हणून शेजारी उभा होता. आबांना विचारलं, मुलगा कसा गेला?

"पाणी फार होतं, साहेब."

"ती गोदामाची भिंत म्हणतात, तिचं काय?"

वर्गाबाहेर सखारामबाबा खिडकीचा गज धरून उभे होते. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली. "भिंतीचं मला काही सांगायचं नाही."

साहेबांनी पान उलटलं. तेव्हा मी बोलले. मामानं शिकवलेल्या गुजरातीत, मामाच्या शेजारी उभी राहून. "साहेब, भींत नवी हती. गया वरसे त्यां पाणी हतुं. मारो भाई एक डोशीने लेवा जतो हतो." भिंत नवी होती, गेल्या वर्षी तिथं पाणी होतं, माझा भाऊ एका म्हातारीला आणायला जात होता. साहेबांनी पेन उचललं आणि लिहिलं. मी ते अक्षर उलट्या बाजूनं वाचत होते, विलासचं नाव येईपर्यंत. मग त्यांनी आबांना विचारलं, मुलगी म्हणते ते खरं का?

मामानं भाषांतर करायची गरज नव्हती. आबांना तेवढं कळत होतं.

"पोरगी पुस्तकं फार वाचते, साहेब," आबा म्हणाले. "वाचलेलं कुठलं नि पाहिलेलं कुठलं, तिला वेगळं करता येत नाही."

ते हे नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. साहेब माझ्याकडे बघून कनवाळूपणे हसले आणि लिहिलेल्यावर रेघ ओढली. मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला नाही. मला तेव्हा काहीच करता येत नव्हतं. त्या खोलीत एकाच माणसानं माझ्यासोबत ती रस्सी धरली होती, आणि तोच म्हणत होता की रस्सी पुस्तकात होती.

घरी आलो. आबा पुढे, मी मागे अंतर ठेवून. ते खाटेवर बसले. माय चुलीपुढे भाकरीचं पीठ मळत होती. तिनं आबांकडे पाहिलंच नाही.

"तू साहेबले सांगं?" तिनं मला विचारलं. कौतिकबाईनं आधीच येऊन सगळं सांगितलं असणार.

"सांगं."

"मंग?"

"साहेबनी खोडी टाकं. आबानी सांगं, मी पुस्तकमाधलं सांगस."

मायचे हात पिठात थांबले. मग तिनं ते तसेच परातीवर ठेवले, पाट ओढला आणि मला समोर बस म्हणाली. "आते माले सांग. पुरं सांग. माले आजवर कोनी पुरं सांगंच नही."

मी सांगितलं. तराफा गिरणीपासून सुटला तिथपासून. विलास कोणतं गाणं म्हणत होता ते. भिंत कुठं होती, सळया किती बाहेर होत्या, त्यानं हात वर करून आबांना काय खूण केली, रस्सी हाताला कशी लागत होती आणि कशी लागेनाशी झाली. मायनं मधे एकदाही डोळे पुसले नाहीत, कारण हात पिठाचे होते. आबा खाटेवर, हात गुडघ्यांवर, आमच्यापासून चार हातांवर. मी मोठ्यानं सांगत होते, त्यांना ऐकू जाईल असं. मी शेवटापर्यंत गेले. आबांनी एका शब्दालाही मधे नाही म्हटलं नाही.